फाशांशिवाय सुपरहिरो: एक पान नियम आणि मूठभर चिंचोके

पिंपळपान | रविवार, रात्री ११.४०

गेल्या वर्षभरापासून आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं आटोपली की टेबलावर आरपीजीची (रोल-प्लेइंग गेमची) बैठक बसते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि सगळे मिळून बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात. पडदा नाही, बोर्ड नाही. पात्राने काही धोक्याचं करायला घेतलं की फासा टाकायचा आणि जमलं की नाही ते बघायचं. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हापासून बहुतेक खेळांचा सांगाडा हाच आहे.

आता आमचं दुखणं. आम्हाला सुपरहिरोंचा खेळ हवा होता. विकत घेतलेली नियमपुस्तकं जाडजूड, आणि प्रत्येक ठोशाला मूठभर फासे. माझा नवरा इमारत उचलणारा माणूस झाला होता, आणि तीन वेळा सलग हलका फासा पडल्याने त्याला एक स्कूटर उचलता आली नाही. पहिल्यांदा हसलो. तिसऱ्यांदा तो उठून चहा टाकायला गेला.

म्हणून मी फासे काढूनच टाकले आणि एका पानात बसतील एवढे नियम लिहिले. आज त्यावर चार तास खेळलो. नियम असे:

प्रत्येकाला तीन शक्ती आणि एक उणीव, दोन्ही साध्या वाक्यात लिहायच्या. सुरुवातीला पाच चिंचोके. शक्तीत सहज बसणारी गोष्ट फुकट. अवघड गोष्टीला एक चिंचोका, अशक्यप्राय गोष्टीला तीन. उणीव आडवी आली आणि तिच्यामुळे खरंच नुकसान झालं तर एक चिंचोका मिळतो. खलनायकाची वेगळी वाटी असते, ती सूत्रधाराकडे. दोघांची थेट झुंज असेल तर दोघांनी टेबलाखाली मुठीत हवे तेवढे चिंचोके घ्यायचे आणि एकदम मूठ उघडायची. ज्याचे जास्त तो जिंकला, पण दोघांचेही मुठीतले गेले. या नियमाचं नाव ‘झाकली मूठ’.

चिंचोके का, तर काचेचे मणी आणायला मंडईत जायचा कंटाळा आला आणि सासूबाईंच्या बरणीत चिंचोके होते.

आजचा प्रसंग सांगते. कर्जतहून पुण्याकडे घाट चढणारी गाडी. ‘फुंकर’ नावाचा खलनायक, हवेवर हुकमत. त्याने शेवटची बोगी सोडवली आणि ती मागे उताराला लागली. मैत्रीण मुंग्यांशी बोलणारी (उणीव: खोटं बोलता येत नाही). नवरा लोखंड ओढणारा (उणीव: आईचा फोन आला की घ्यावाच लागतो, सासूबाई हे वाचत नाहीत असं गृहीत धरते). दीर दहा सेकंद पुढचं ऐकू येणारा.

सूत्रधार मी, माझ्या वाटीत सहा होते. मैत्रीण फुंकरवर धावून गेली. मला वाटलं ही सगळं लावणार, म्हणून मी मुठीत चार घेतले. मुठी उघडल्या तर तिची रिकामी! ती गाडीतून फेकली गेली, करवंदीच्या जाळीत पडली आणि शांतपणे म्हणाली, “आता तुझ्याकडे दोनच राहिले.” तेवढ्यात तिनेच नवऱ्याला सांगितलं, “तुझा फोन वाजतोय.” त्याच्याकडे दोन होते, उणिवेचा एक मिळून तीन. एका हाताने डबा धरलेला, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून “जेवलास का”. तीन विरुद्ध दोन. डबा थांबला.

वर्षभरात फाशांनी असा क्षण आम्हाला एकदाही दिला नव्हता. पण दोन भानगडीही झाल्या, त्या प्रतिसादांत सांगते. तुमचे अनुभव लिहा.

रुळावरचा | रविवार, रात्री ११.५८

धागा आवडला. आता किडे.

१) बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. सोडवला तो डबा.
२) डबा सुटला की ब्रेकचा पाइप तुटतो, हवेचा दाब पडतो आणि ब्रेक आपोआप लागतात, गाडीलाही आणि सुटलेल्या डब्यालाही. तो उताराला लागणारच नाही.
३) कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात. चढ ३७ फुटांना एक फूट आहे, ढकलल्याशिवाय गाडी चढत नाही. म्हणजे शेवटच्या डब्यामागे इंजिन होतं. ते कुठे गेलं?

पिंपळपान | सोमवार, रात्री १२.१०

डबा. मान्य.

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि खरं सांगते, ते आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून सुचलं: फुंकर हवा धरून ठेवतो. पाइप तुटला तरी दाब पडू दिला नाही, म्हणून ब्रेक लागले नाहीत. उलट त्याला बेशुद्ध केलं असतं तर डबा आपोआप थांबला असता!

तिसऱ्याचं उत्तर नाही. बँकर मी विसरले.

रुळावरचा | सोमवार, रात्री १२.१४

मग बँकरचा चालक हेच पात्र मला द्या.

शंकासुर | सोमवार, सकाळी ८.०५

मला मूळ कल्पनाच पटत नाही. फासा काढला म्हणजे निकाल सूत्रधाराच्या मर्जीवर आला. ‘अवघड’ आणि ‘अशक्यप्राय’ कोण ठरवणार? ताईच. ज्याला चांगलं बोलता येतं तो दर वेळी “हे तर माझ्या शक्तीत सहज बसतं” असं पटवून देणार, आणि बुजरा माणूस प्रत्येक गोष्टीला चिंचोका मोजत बसणार. फासा निदान आंधळा तरी असतो. तो नवरा-दीर बघत नाही.

शिवाय आश्चर्याचं काय? सूत्रधारालाही ठाऊक नसलेलं काहीतरी टेबलावर घडावं, म्हणून तर फासा असतो.

सोनचाफा_६८ | सोमवार, सकाळी ८.४०

शंकासुरा, आंधळ्या फाशाचं कौतुक शकुनीमामाच्या देशात नको रे करूस.

पिंपळपान, मला तुझा खेळ पुरता कळला नाही, पण चिंचोके वाचून थांबले. आम्ही लहानपणी चिंचोका दगडावर घासून त्याचे दोन भाग करायचो. एक बाजू काळी, एक पांढरी. असे चार टाकले की किती पांढऱ्या पडल्या ते मोजायचं, चारही काळ्या पडल्या की आठ. पट त्यावरच खेळायचो. म्हणजे चिंचोका हाच आमचा फासा होता, आणि तू त्यानेच बिनफाशांचा खेळ मांडलास!

आणि ती तुझी झाकली मूठ म्हणजे आमची एकी-बेकी. मुठीत चिंचोके धरायचे, समोरच्याने सांगायचं, एकी की बेकी. चुकला तर द्यायचे. माझा भाऊ रिकामी मूठ पुढे करायचा. शून्य एकी की बेकी यावरून दर सुट्टीत मारामारी.

पिंपळपान | सोमवार, सकाळी ९.१५

मावशी, तुमच्या भावाला साष्टांग दंडवत. माझ्या मैत्रिणीने तेच केलं.

शंकासुर, आश्चर्याबद्दल: रिकामी मूठ उघडली तेव्हा मला घाम फुटला होता, आणि मी सूत्रधार होते. वीसपैलू फासा वीसपैकी एखादा आकडा दाखवेल हे आधीच माहीत असतं. समोरचा माणूस हरायचं ठरवूनच आलाय, हे मला माहीत नव्हतं.

मर्जीचा मुद्दा मात्र लागला. त्यावर संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिस.

मिसिसागाचा_मोरू | सोमवार, सकाळी ९.५०

इकडे कॅनडात रात्र आहे, झोप नाही, म्हणून लांबण लावतो.

बिनफाशांचे सुपरहिरो ही गोष्ट नवी नाही. २००३ मध्ये मार्व्हलने स्वतःच मार्व्हल युनिव्हर्स रोलप्लेइंग गेम काढला होता. त्यात फासे नाहीत, खडे आहेत. लाल खडे म्हणजे जोर, पांढरे म्हणजे तब्येत. तुमच्या चिंचोक्यांसारखे कृतीवर लाल खडे लावायचे, समोरचा अडथळा जितक्या खड्यांचा आहे तितके लावले की झालं. वेळही कॉमिकसारखी चौकटींत मोजायची. दोन पुरवण्या आल्या आणि मालिका थांबली. माझ्याकडे मूळ पुस्तक आहे. कल्पना सुरेख, पण शक्तींच्या किमतींचे तक्ते इतके की ‘नियम हलके’ म्हणवत नाही. आमच्या गटात खडे मोजता मोजता लोक बेरजेवरून भांडायचे.

त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, एरिक वुजिक यांचा अँबर डाइसलेस. तो सुपरहिरोंचा नव्हे, एका राजघराण्यातल्या जवळपास अमर आणि एकमेकांवर टपलेल्या नातलगांचा. पण बिनफाशांचं खरं घर तेच. प्रत्येकाला १०० गुण. त्यातून चार गुणविशेषांचा लिलाव: मनोबल, ताकद, दम, युद्धकौशल्य. भर टेबलावर बोली लावायची, आणि हरलात तरी लावलेली बोली गेलीच! म्हणजे तुमच्या झाकल्या मुठीसारखंच, दोघांचेही जातात. ताकदीत पहिला आलेला माणूस सरळ झुंजीत दुसऱ्याला हरवतोच. मग दुसऱ्याने करायचं काय? सरळ झुंज टाळायची. तलवारीत हरणार असाल तर त्याला दमवा, रात्रभर पळवा, गप्पांत गुंतवा. “मी जोरात मारतो” याला तिथे काही अर्थ नसतो.

शंकासुर, तुमच्या मर्जीच्या मुद्द्यावर अँबरवाल्यांचं उत्तर साधारण हेच: क्रम सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा सूत्रधाराला मनात येईल ते सांगता येत नाही. पूर्ण पटतं असं नाही. आमचा सूत्रधार ज्याच्या गाडीतून घरी जायचा त्याला कधीच हरवत नसे.

नवशिक्या | सोमवार, सकाळी १०.२०

वाचतोय. मोरूकाका, १९८४ च्या मार्व्हलच्या खेळात ‘कर्मा’ होता असं ऐकलंय, ते काय?

मिसिसागाचा_मोरू | सोमवार, सकाळी १०.३५

हो, टीएसआरचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणारी कंपनी) मार्व्हल सुपर हिरोज, जेफ ग्रब यांचा. त्यात फासे होते, दोन दहापैलू टाकून शंभरातला आकडा काढायचा आणि रंगीत तक्त्यात बघायचं. पण चांगलं काम केलं की कर्मा नावाचे गुण मिळायचे आणि ते खर्चून फासा वर ढकलता यायचा. हिरोने कुणाचा जीव घेतला तर साठवलेला सगळा कर्मा शून्य. एका नियमात अख्खं सुपरहिरोपण बसवलं होतं. ‘हिरो मारत नाहीत’ असा उपदेश कुठे करावा लागत नसे, खिसा रिकामा व्हायचा.

सोनचाफा_६८ | सोमवार, सकाळी ११.०२

सगळं कर्म शून्य झालं तर तो मोक्ष झाला. शिक्षा कसली?

मिसिसागाचा_मोरू | सोमवार, सकाळी ११.०५

मावशी, चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नसेल. झोपतो आता.

कवडीचुंबक | सोमवार, दुपारी १.३०

मी तो दीर. वहिनीने ‘दोन भानगडी’ असं म्हणून सोडून दिलंय, त्यातली पहिली मी आहे, म्हणून स्वतःच सांगतो.

मी चार तासांत एकही चिंचोका खर्च केला नाही. पाच होते, उणिवेचे दोन मिळाले, सात घेऊन बसलो. शेवटच्या झुंजीसाठी राखून ठेवले होते. पण दादाने फोनवर बोलत बोलत डबा थांबवला आणि खेळ संपला. माझ्या पात्राने पूर्ण प्रवासात खिडकीची जागा मिळवली, एवढंच कर्तृत्व. मला दहा सेकंद पुढचं ऐकू येतं आणि तरी मला हे ऐकू आलं नाही.

हे नाव त्याच रात्री घेतलं.

शंकासुर | सोमवार, दुपारी १.५५

:ड बघा, हेच. साठवता येणारी वस्तू दिली की माणूस साठवतो. फासा साठवता येत नाही.

पिंपळपान | सोमवार, रात्री ९.३०

आता सविस्तर.

पहिली भानगड भाऊजींनी सांगितलीच. मला त्यांच्यावर चिडता येत नाही, कारण माझ्या नियमांत खर्च करायला काही कारणच नव्हतं. रात्री यावर घरात खल झाला. एक सूचना आली की कमाल मर्यादा घाला. त्याने फार फरक पडत नाही, माणूस मर्यादेपर्यंत साठवून बसतो. मग मैत्रिणीने फोनवर सुचवलं ते ठेवलंय: प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी तुमच्याकडे तीनपेक्षा जास्त असतील तर वरचे सगळे खलनायकाच्या वाटीत जातात. तुम्ही जे वापरलं नाही ते त्याला मिळालं. कवडीचुंबकांचे चार मला मिळाले असते तर माझ्या वाटीत दोनाऐवजी सहा असते आणि डबा कर्जतच्या दिशेने गेला असता.

दुसरी भानगड म्हणजे उणिवेची शेती. नवऱ्याच्या लक्षात आलं की फोन वाजला की चिंचोका मिळतो. मग दर पाच मिनिटांनी आईचा फोन. तिकीट काढताना फोन, बोगद्यात फोन (तिथे रेंज कशी?), वडापाव खाताना फोन. आता नियम असा: आपली उणीव आपण काढायची नाही, दुसऱ्याने काढायची, आणि एका प्रसंगात एकदाच. माझ्या मैत्रिणीने नेमक्या वेळी फोन वाजवला तेव्हाच तो खरा लागला, हेही त्यामागे आहे.

उणिवेचा मोबदला नुकसान झाल्यावरच, याबद्दल मात्र मी ठाम आहे. चॅम्पियन्स नावाच्या १९८१ च्या खेळात पात्र बनवतानाच उणिवा लिहायच्या आणि त्याबद्दल गुण आगाऊ घ्यायचे. आम्ही तो महिनाभर खेळलो. प्रत्येकाने डझनभर उणिवा लिहिल्या आणि खेळताना त्यांचा विषयच काढला नाही. उचल घेऊन पळालेल्या कामगारासारखं.

आता शंकासुर, तुमचा मर्जीचा मुद्दा. खरं आहे. दिवसभर आठवत होते. मैत्रिणीने मुंग्यांकडून इंजिनाची तार कुरतडवून घेतली तेव्हा मी ‘अशक्यप्राय, तीन’ म्हटलं, आणि नवऱ्याने रूळ वाकवला तेव्हा ‘अवघड, एक’. रूळ! मी मुद्दाम केलं नाही, पण तो जास्त आत्मविश्वासाने बोलला आणि मी मान डोलावली. तिने काही म्हटलं नाही, आज विचारल्यावर म्हणाली, “लक्षात आलं होतं.” मला जरा वाईट वाटलं.

यावर अजून पक्का उपाय नाही. सध्या एवढंच ठरवलंय की किंमत सूत्रधाराने सांगायची नाही, ज्या खेळाडूचा त्या कृतीशी संबंध नाही त्याने सांगायची.

शंकासुर | सोमवार, रात्री १०.००

प्रांजळपणा आवडला. तलवार अर्धी म्यान.

चॅम्पियन्सवर थोडा अन्याय होतोय पण. उणीव विसरली जाऊ नये म्हणून त्यांनी तिची वारंवारता ठेवली होती. समजा तुमच्या हिरोची मावशी दर वेळी संकटात सापडते. खेळाच्या सुरुवातीला तीन फासे टाकायचे, ११ किंवा कमी पडले तर आज मावशी आहे. ते साडेबासष्ट टक्के. ८ किंवा कमी हवे असतील तर जेमतेम सव्वीस टक्के. सूत्रधाराने आळस केला नाही तर मावशी येतेच. तुमच्या टेबलावर तो फासा कुणी टाकला का?

पिंपळपान | सोमवार, रात्री १०.०८

... नाही. सूत्रधार मीच होते.

घाटावरची | सोमवार, रात्री १०.४०

पहिलाच प्रतिसाद. ती करवंदीच्या जाळीत पडलेली मैत्रीण मीच, आजच सदस्य झाले.

दोन गोष्टी. रिकामी मूठ हा काही डावपेच नव्हता. माझ्याकडे एकही चिंचोका उरला नव्हता! मुंग्यांना तीन गेले, बाकीचे आधीच. झुंजीत उतरले कारण उतरावंसं वाटलं. “आता तुझ्याकडे दोनच राहिले” हे जाळीत पडल्यावर सुचलं. माझ्या पात्राला खोटं बोलता येत नाही, पण गप्प राहता येतं.

दुसरं, शंकासुर म्हणतात तसं बुजऱ्या माणसाचं नुकसान होतं का? मी बुजरी आहे. फाशांच्या खेळात मी वर्षभर “मी पण मारते” एवढंच म्हणत होते, कारण फासा टाकला की माझी पाळी संपायची. इथे प्रत्येक वेळी सांगावं लागलं की काय करतेय आणि कसं. अवघड गेलं. घरी गेल्यावर डोकं दुखत होतं. पुढच्या रविवारी येणार आहे.

पिंपळपान | सोमवार, रात्री १०.४४

काय?! एकही नव्हता? जिच्याकडे काहीच नव्हतं तिच्यासमोर मी चार लावले?

घाटावरची | सोमवार, रात्री १०.४५

झाकली मूठ. नियम तुझाच आहे.

रुळावरचा | सोमवार, रात्री ११.१०

हसून हसून ठसका लागला.

माझ्या बँकरवर विचार केला. पुढच्या वेळी घाट उतरताना खेळा, म्हणजे कॅच सायडिंग वापरता येईल. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर तिला वळवायला मुख्य रुळापासून चढाकडे जाणारा एक फाटा असतो, चढावर गाडी आपोआप मंदावते. तुमच्या लोखंडवाल्याला अख्खी गाडी ओढायला नको, फक्त सांधा बदलायचा. तीनचं काम एकात.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.२५

थांबा. म्हणजे ज्याला रेल्वेची माहिती त्याला दोन चिंचोक्यांची सूट? फाशाला हे ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना सारखा.

रुळावरचा | सोमवार, रात्री ११.२८

वीस वर्षं फलाटावर उभं राहून कमावलेली माहिती आहे. सूट कसली, वसुली आहे.

पिंपळपान | सोमवार, रात्री ११.४०

दोघांचंही ठेवते. ज्या पात्राला ती माहिती असणं शक्य आहे त्यानेच वापरायची. बँकरचा चालक सांगू शकतो. लोखंडवाल्याला आधी त्याला विचारावं लागेल, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल. आमच्याकडे तेवढंच कमी होतं.

शंकासुर, रविवारी रिकामे असाल तर किंमत ठरवायला या. फासे घरी ठेवून.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.५२

येतो. एक खिशात असेल, सवयीचा. काढणार नाही.

सोनचाफा_६८ | मंगळवार, सकाळी ७.३०

पिंपळपान, चिंचोके कमी पडत असतील तर माझ्याकडे डबाभर आहेत. नातवंडं सगळी मोबाइलवर, कुणी घासत नाही.

कवडीचुंबक | मंगळवार, सकाळी ८.१५

काल आईने मशीन लावायच्या आधी खिसे तपासले. माझ्या जीन्समध्ये तीन चिंचोके निघाले. हे रविवारी धरले जातील का?

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ८.१६

नाही. आणि भाऊजी, ते बरणीत परत टाका, सासूबाई मोजतात.